विश्लेषण : औषधाबद्दल विचारलेला प्रश्न पुढे कुठे जातो?

घरपोच औषधे देणाऱ्या आणि ऑनलाइन सल्ला देणाऱ्या कंपन्यांकडे ग्राहकांचे प्रश्न सतत येत असतात. ते सगळे माणसांनी वाचणे अवघड, म्हणून मशीन लर्निंगचा आधार घेतला जातो. त्यात सोय आहे, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो प्रश्न वाचून झाल्यावर त्याचे काय होते, याबद्दल.

यंत्र नेमके काय करते?

माणसांनी आधी वर्गवारी केलेले हजारो प्रश्न प्रणालीला दाखवले जातात. त्यावरून ती नव्या प्रश्नाचा गट ओळखते : हा डोसबद्दल, तो दुष्परिणामाबद्दल, हा तातडीचा. तातडीचा प्रश्न डॉक्टरांपर्यंत आधी पोहोचला, तर फायदा रुग्णाचाच.

मराठीत घोळ कुठे?

‘पित्त झालंय’ म्हणजे बहुधा आम्लपित्त. ‘अंगावर पित्त उठलंय’ म्हणजे गांधी. नवी गोळी सुरू केल्यावर हे दुसरे वाक्य आले, तर ती औषधाची ॲलर्जी असू शकते. ते आम्लपित्ताच्या गठ्ठ्यात पडले तर इशारा हुकतो. ‘छातीत जळजळतंय, पित्तच असेल’ असे लिहिणाऱ्याला तर हृदयविकाराचा झटकाही येत असू शकतो. त्यात अनेक प्रश्न रोमन लिपीत, हिंदी-मराठीची सरमिसळ करून लिहिलेले. इंग्रजीवर शिकलेल्या प्रणालीला भाषांतराचे ठिगळ लावून हे भागत नाही. मराठी जाणणाऱ्या डॉक्टरांनीच वर्गवारी करायला हवी. ते काम खर्चिक आहे, म्हणूनच टाळले जाण्याची भीती.

माहिती जाहिरातीकडे वळते का?

अमेरिकेत वळली, असा तेथील फेडरल ट्रेड कमिशनचा आरोप आहे. ऑनलाइन समुपदेशन देणाऱ्या ‘बेटरहेल्प’ने माहिती खासगी राहील असे सांगून ती फेसबुकसारख्या मंचांना जाहिरातीसाठी दिली, असे आयोगाने 2023 मध्ये म्हटले. कंपनीने चूक मान्य केली नाही, पण 78 लाख डॉलर मोजून प्रकरण मिटवले. औषधांवर सवलत मिळवून देणाऱ्या ‘गुडआरएक्स’ला त्याच वर्षी अशाच आरोपांवरून 15 लाख डॉलरचा दंड भरावा लागला.

भारतातील कायदा काय सांगतो?

2011च्या नियमांत वैद्यकीय नोंदी ‘संवेदनशील’ माहितीत मोडत. 2023च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात असा वेगळा वर्गच नाही; घरचा पत्ता आणि मधुमेह एकाच पंक्तीत. संमती ठरावीक हेतूपुरतीच असेल आणि तिची सूचना मराठीतही वाचता येईल, अशी तरतूद मात्र आहे. पण रात्री दोन वाजता तापलेले लेकरू मांडीवर घेऊन ‘मान्य आहे’वर बोट दाबणारी आई त्यातले किती वाचणार? त्यामुळे जाहिरातीची संमती उत्तराच्या संमतीपासून पूर्ण वेगळी हवी, आणि ती नाकारली तरी तिला उत्तर तितक्याच लवकर मिळायला हवे.