विश्लेषण : चांदोलीची ‘ऑफ सीझन’ सहल खरोखर किती स्वस्त?

ताडोबातील वाघीण नोव्हेंबर २०२५ मध्ये चांदोलीत आणली गेल्यापासून सह्याद्रीतील या राष्ट्रीय उद्यानाविषयी मुंबईकरांचे कुतूहल वाढले आहे. सुट्टीच्या गर्दीत भरमसाट पैसे मोजण्यापेक्षा हंगाम टाळून जावे, असा विचार अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरमधील अनेक कुटुंबे करतात. मात्र ‘ऑफ सीझन’ म्हणजे नेमका कोणता काळ, त्यात कोणता खर्च कमी होतो आणि कोणता तसाच राहतो, याचा हिशेब क्वचितच मांडला जातो. त्याचा हा आढावा…

चांदोली कुठे आहे आणि चर्चेत का?

सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी या चार जिल्ह्यांच्या सीमेवर, वारणा नदीच्या खोऱ्यात चांदोली राष्ट्रीय उद्यान पसरले आहे. १९८५ मध्ये अभयारण्य आणि २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान म्हणून ते घोषित झाले. क्षेत्रफळ सुमारे ३१७ चौरस किलोमीटर, म्हणजे बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या तिप्पट. २०१० मध्ये चांदोली आणि कोयना अभयारण्य मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. २०१२ मध्ये पश्चिम घाटातील जी ठिकाणे युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली, त्यांत चांदोली आणि कोयना दोन्ही आहेत.

या जंगलात वाघांची संख्या अत्यल्प राहिली. त्यामुळे विदर्भातून वाघ आणून येथे सोडण्याचा कार्यक्रम हाती घेण्यात आला आणि नोव्हेंबरमधील वाघीण त्याचाच भाग आहे. पर्यटकांनी मात्र ताडोबासारखे व्याघ्रदर्शन गृहीत धरू नये. येथे जंगल दाट आहे, डोंगर तीव्र उताराचे आहेत. गवा, सांबर, शेकरू, रानकुत्रे, धनेश आणि विस्तीर्ण कातळसडे हे चांदोलीचे खरे वैभव.

ऑफ सीझन म्हणजे पावसाळा नव्हे का?

नाही. सर्वाधिक गल्लत येथेच होते. लोणावळा, माथेरानच्या सवयीमुळे ‘पावसाळ्यात डोंगर, तेव्हाच स्वस्त’ असे समीकरण उपनगरांत रुजले आहे. चांदोली मात्र साधारण १५ जून ते १५ ऑक्टोबर या काळात पर्यटकांसाठी बंद असते. उद्यानाच्या पाणलोटातील पाथरपुंज हे राज्यातील सर्वाधिक पाऊस नोंदवणाऱ्या ठिकाणांपैकी एक. कच्चे रस्ते वाहून जातात, ओढे अडवतात, दरडी येतात. जुलै २०२१ मध्ये लगतच्या पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव येथे दरडी कोसळून मोठी जीवितहानी झाली होती. या काळात वन्यजीवांना निवांतपणा मिळावा, हाही बंदीमागचा हेतू असतो.

म्हणून चांदोलीचा ऑफ सीझन शोधायचा तो उद्यान खुले असलेल्या आठ महिन्यांत. दिवाळीचा आठवडा, नाताळ ते नववर्ष, जोडून आलेल्या सुट्ट्या आणि एप्रिल-मे ही गर्दी वगळली की तीन पट्टे उरतात. पहिला, दिवाळीनंतर डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत. दुसरा, जानेवारीचा दुसरा आठवडा ते फेब्रुवारीअखेर. तिसरा, शालेय परीक्षांचा मार्च. दुसऱ्या पट्ट्यात एक अपवाद धरावा लागेल : प्रजासत्ताक दिन सोमवारी आला तर ते तीन दिवस गर्दीचेच असतील. या तिन्ही पट्ट्यांतही खरा फरक पडतो तो मंगळवार ते गुरुवार जाणाऱ्यांना. फेब्रुवारीतला शनिवार कोणत्याही अर्थाने ऑफ सीझन नसतो.

कोणता खर्च कमी होतो, कोणता नाही?

सहलीचा खर्च पाच भागांत विभागता येतो : मुंबई ते कराड प्रवास, कराडहून पुढची गाडी, मुक्काम, जेवण आणि प्रवेश-वाटाड्या शुल्क. यांपैकी ऑफ सीझनमध्ये ठळकपणे खाली येतो तो फक्त मुक्काम. मेल-एक्स्प्रेसच्या शयनयान डब्याचे भाडे मेमध्ये आणि फेब्रुवारीत सारखेच असते. वन विभागाचे शुल्क सरकारी असल्याने त्यात घासाघीस नाही.

एक काल्पनिक हिशेब मांडू. समजा, मुलुंडच्या चौघांच्या कुटुंबाला दोन मुक्कामांसाठी रेल्वेला २,४०० रुपये, कराडहून गाडीला ७,०००, जेवणाला ३,००० आणि प्रवेश-वाटाड्यासह १,६०० रुपये लागतात. खोलीचे भाडे हंगामात दिवसाला ३,००० आणि एरवी २,००० रुपये आहे. हंगामातील एकूण खर्च २०,००० होतो, ऑफ सीझनमध्ये १८,०००. खोलीवर ३३ टक्के सूट मिळूनही सहल स्वस्त झाली ती अवघी १० टक्क्यांनी, म्हणजे माणशी ५,००० ऐवजी ४,५०० रुपये.

आता अशीच दोन कुटुंबे एकत्र गेली आणि दोन गाड्यांच्या १४,००० रुपयांऐवजी एक मोठी गाडी ९,००० रुपयांत मिळाली, तर ऑफ सीझनमध्ये माणशी खर्च ३,८७५ रुपयांवर येतो. ऐन हंगामातही तो ४,३७५ रुपयेच राहतो. म्हणजे एकट्या कुटुंबाने हंगाम टाळून जाण्यापेक्षा दोन कुटुंबांनी गर्दीच्या हंगामात एकत्र जाणे स्वस्त पडू शकते. आकडे प्रत्येकाचे वेगळे असतील, पण सूत्र बदलत नाही : आधी गाडीतील रिकाम्या जागा भरा, मग तारखेचा विचार करा. दोन्ही साधले तर उत्तमच.

उपनगरांतून स्वस्तात पोहोचायचे कसे?

चांदोली मुंबईपासून रस्त्याने सुमारे पावणेचारशे किलोमीटर आहे. रेल्वेने कराडपर्यंत जाता येते. घाटकोपर, मुलुंडकरांना कोयना एक्स्प्रेस ठाण्याहून पकडता येते. अंधेरी, बोरिवलीकरांना दादर सोयीचे. रात्रीचा प्रवास हवा असेल तर महालक्ष्मी एक्स्प्रेस आहे. १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० ऐवजी ६० दिवस झाली आहे, तर १ जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळ तिकिटासाठी आधार पडताळणी लागते. त्यामुळे ‘ऐनवेळी तत्काळ काढू’ हा मार्ग पूर्वीइतका सोपा नाही. कराडचे रेल्वे स्थानक शहराबाहेर आहे, तेथून एसटी स्थानक गाठण्याचा वेळ आणि रिक्षाभाडे हिशेबात धरावे.

एसटीचे भाडे २५ जानेवारी २०२५ पासून १४.९५ टक्क्यांनी वाढले. तरीही महिलांना निम्मे तिकीट आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास असल्याने आजी-आजोबांसह निघणाऱ्या कुटुंबाला एसटी अनेकदा रेल्वेच्या तोडीस तोड पडते. खासगी बसगाड्या गर्दीत दर वाढवतात. मात्र २०१८ च्या शासन निर्णयानुसार त्यांना एसटीच्या भाड्याच्या दीडपटीपेक्षा अधिक आकारता येत नाही.

स्वतःची मोटार असेल तर १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून मुलुंड, दहिसर, ऐरोली, वाशी येथील नाक्यांवर हलक्या वाहनांना टोल नाही. १५ ऑगस्ट २०२५ पासून मिळणारा वार्षिक फास्टॅग पास पुण्यापुढे खेड-शिवापूर, आनेवाडी, तासवडे नाक्यांवर चालतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग राज्याच्या अखत्यारीत असल्याने तेथे तो चालत नाही. एका सहलीसाठी हा पास घेण्यात अर्थ नाही, वर्षभर गावाला ये-जा असेल तरच परवडतो.

मुक्काम ठरवताना काय पाहावे?

२२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला साडेसात हजार रुपयांपर्यंतच्या खोल्यांवरील जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. दोन हजारांच्या खोलीवरचा कर २४० ऐवजी १०० रुपये झाला. जुन्या दरपत्रकावर बिल लावले जात असेल तर हा फरक विचारायला हवा. जीएसटी नोंदणी नसलेल्या छोट्या घरगुती निवासांना कर लावता येत नाही, हेही लक्षात ठेवावे.

आरक्षणापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. जेवण भाड्यात धरले आहे का? ऑफ सीझनमध्ये स्वयंपाकघर सुरू असते का? आणि रद्द केल्यास पैसे परत मिळतात का? जवळपासच्या खानावळी आठवड्याच्या मधल्या दिवसांत बंद असतील तर खोलीवर वाचवलेले पैसे जेवणासाठीच्या फेऱ्यांत जातात. कोयनेच्या बाजूने जाणाऱ्यांना कोयनानगर येथे एमटीडीसीचे निवासस्थान हा पर्याय आहे. मात्र कोयनानगर आणि चांदोलीचे प्रवेशद्वार यांत बरेच अंतर आहे. नकाशावर एकच व्याघ्र प्रकल्प दिसतो म्हणून एका मुक्कामात दोन्ही बाजू होतील, असे धरू नये.

सवलतीसोबत कोणती जोखीम येते?

गर्दी नसते तेव्हा मदतही दूर असते. उद्यान परिसरात मोबाइलचे नेटवर्क भरवशाचे नाही, वारणावतीकडे जाणाऱ्या एसटी फेऱ्या मोजक्या आणि मोठी वैद्यकीय सोय कराडलाच. शेवटची बस चुकली की खासगी गाडीवाला सांगेल ते भाडे द्यावे लागते, म्हणून परतीची वेळ जाण्याआधीच ठरवावी. नोव्हेंबर २०२५ मध्ये कॉर्बेट प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातील पर्यटन विभागांत मोबाइल वापराला मनाई करण्याचे निर्देश दिले. त्यामुळे परवानगी, ओळखपत्र आणि आवश्यक क्रमांक कागदावर सोबत असलेले बरे. खासगी वाहनाला प्रवेश, वाटाड्या आणि फेरीच्या वेळा यांचे नियम दर हंगामात बदलू शकतात. निघण्याच्या आठवड्यात वन विभागाच्या कार्यालयात विचारून मगच खोलीचे पैसे भरावेत.

सर्वात मोठी जोखीम पावसाळ्यातली. उद्यान बंद आणि खोली स्वस्त असा मेळ जमला की पावले मनाई असलेल्या धबधब्यांकडे वळतात. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी मावळातील कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल कोसळून चार जणांचा मृत्यू झाला. दोन्ही दिवशी रविवार होता. परवानगीशिवाय राष्ट्रीय उद्यानात शिरणे हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हाही आहे. पावसाळ्यात डोंगर आणि जंगल पाहायचेच असेल तर सोमवारी बंद असणारे बोरिवलीचे उद्यान आणि तेथील कान्हेरी लेणी लोकलने जाऊन पाहता येतात. मुलुंड, भांडुपच्या बाजूने चोरवाटांनी त्याच डोंगरात चढणे मात्र तितकेच बेकायदा आणि धोक्याचे आहे.

स्थानिकांना काय मिळते?

चांदोलीचे जंगल आज निर्मनुष्य दिसते, कारण धरण आणि अभयारण्यासाठी येथील गावे उठवण्यात आली. त्यांच्या पुनर्वसनाचा लढा अनेक वर्षे चालला. सीमेवरच्या गावांतील वाटाडे, गाडीवाले, घरगुती जेवण देणाऱ्या महिला यांची पर्यटनातली कमाई आठ महिन्यांपुरती, आणि त्यातही शनिवार-रविवारची. आठवड्याच्या मधल्या दिवसांत आलेले एक कुटुंब त्यांच्या रिकाम्या दिवसाचे काम असते. म्हणून घासाघीस करायची तर ती खोलीच्या दरात करावी, वाटाड्याच्या मजुरीत नको. वरच्या हिशेबात वाटाड्याचा वाटा सर्वात लहान रकमेत आहे. तो कापून सहल स्वस्त होत नाही, मात्र जंगल समजण्याची शक्यता कमी होते.