रणगाड्यावरची धूळ कुठली?

रणगाड्याचं प्लास्टिकचं मॉडेल आणायचं, जोडायचं, नीट रंगवायचं आणि मग तोच चांगला रंग मुद्दाम खराब करायचा. ऐकायला वेडेपणा वाटेल, पण या छंदातलं खरं काम ते शेवटचंच. त्याला 'वेदरिंग' म्हणतात. ऊन, धूळ, तेल आणि घासाघीस यांनी यंत्राचं जे होतं, ते ब्रशनं दाखवायचं. मग ही मॉडेल्स टेबलावर मांडून, फासे टाकून, टेपनं अंतर मोजून लढाया खेळायच्या. उत्तर आफ्रिकेचं वाळवंट, १९४० ते १९४३, हे खेळणाऱ्यांचं फार आवडतं रणांगण.

माझं म्हणणं एवढंच, की वेदरिंग निव्वळ 'भारी दिसतं' म्हणून करू नये. प्रत्येक डागाला कारण हवं. आणि कारण शोधत गेलं की आपण यंत्रापाशी थांबत नाही, माणसांपर्यंत पोचतो.

आधी गंजाचं बघू. तपकिरी डाग उठून दिसतात म्हणून पुष्कळ जण रणगाड्याला भरपूर गंज चढवतात. पण कोरड्या हवेत, काही महिने वापरलेल्या गाडीच्या रंगवलेल्या पोलादावर एवढा गंज येईल कुठून? उलट चालत्या गाडीचे ट्रॅक दगडांवर घासून घासून चकचकीत होतात.

दुसरं वाळूचं. सिनेमात बघून सगळे केशरी वाळू फासतात. लिबिया-इजिप्त सीमेजवळचा लढाईचा प्रदेश म्हणजे बहुतेक चुनखडीचं खडकाळ पठार, वर पिठासारखी फिकट धूळ. म्हणजे पांढरा खडू किसायचा, त्यात चिमूटभर पिवळा मिसळायचा, की काम भागलं. महागडी पावडर नसली तरी चालतं.

तिसरं, रंग उडाल्याच्या खुणांचं. रोमेलच्या सैन्याचे पहिले रणगाडे १९४१ च्या सुरुवातीला त्रिपोलीत उतरले ते युरोपातल्या गडद करड्या रंगात. मार्चमध्ये वाळवंटासाठी पिवळट तपकिरी रंगाचा हुकूम निघाला आणि करड्यावरच नवा रंग चढवला गेला. त्यामुळे अशा गाडीचा रंग कडेला खरवडला, तर खाली आधी करडा दिसला पाहिजे, चांदीसारखा धातू नव्हे. हे करायची युक्ती सोपी आहे. करडा रंग वाळला की त्यावर कुठल्याही दुकानात मिळणारा हेअरस्प्रे मारायचा, वर वाळूचा ॲक्रिलिक रंग द्यायचा आणि मग ओल्या ब्रशनं हलकेच घासायचं. वरचा रंग निघतो, खालचा इतिहास दिसतो.

ब्रिटिशांच्या बाजूची गोष्ट तर साहित्याच्या विद्यार्थ्यांनी ऐकावीच. त्यांच्या रणगाड्यांवर सुरुवातीला तीन रंगांचे तिरके, कोनदार पट्टे असत. त्या पद्धतीला कॉन्टर नावाच्या ब्रिगेडियरचं नाव आहे. त्यातला 'सिल्व्हर ग्रे' प्रत्यक्षात हिरवट राखाडी. पण वर्षानुवर्षं मॉडेलवाले तो चक्क फिकट निळा रंगवत आले. एकानं केलं, दुसऱ्यानं त्याचं बघून केलं. जुन्या पोथीत एका लेखनिकाची चूक पुढच्या सगळ्या नकलांत उतरते ना, अगदी तसं. पाठचिकित्सा आपण वर्गात शिकतो, ती इथंही लागते.

आता मुख्य मुद्दा. २० जून १९४२ ची सकाळ, टोब्रुक. आधी विमानांतून बॉम्ब, मागून जर्मन रणगाडे. संरक्षणाचा खंदक जागोजागी वाळूनं भरलेला, आधी पेरलेले सुरुंगही बरेच काढून दुसरीकडे नेलेले. हल्ल्याचा पहिला घाव आग्नेयेकडच्या ज्या भागावर बसला, तो भाग पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या दुसऱ्या बटालियनकडे होता. दुसऱ्या दिवशी टोब्रुक पडलं. सुमारे ३३ हजार सैनिक कैदी झाले. रोमेल फील्ड मार्शल झाला.

या रेजिमेंटचं केंद्र कुठं आहे, हे बेळगावात राहणाऱ्याला सांगायला नको. तरीपण टोब्रुक खेळणारे आम्ही पॅन्झरच्या एकेका बोल्टवर संध्याकाळ घालवतो, आणि समोरचं पायदळ? एक खाकी हात, वर पातळ काळा वॉश, झालं. नियमांतसुद्धा पायदळ म्हणजे एका चकतीवर चिकटवलेली तीन-चार माणसं. फासा पडला की चकती उचलून बाजूला. त्या सकाळच्या पॅन्झरच्या ट्रॅकवर तुम्ही जी धूळ चढवता, ती मराठ्यांच्या खंदकातली आहे. एवढं तरी रंगवणाऱ्याला माहीत असावं.

यावर दोन आक्षेप येतात. एक, वाळवंटातलं युद्ध 'स्वच्छ' होतं, तिथं होतं कोण? रोमेलच्या मृत्यूनंतर त्याचे कागद जर्मनीत छापले, त्या पुस्तकाचं नावच 'द्वेषाविना युद्ध' अशा अर्थाचं आहे. पण तिथं बेदुइन होते, त्यांच्या विहिरी होत्या, आणि अल-अलामीनच्या परिसरात पेरलेल्या सुरुंगांनी युद्ध संपल्यावर कित्येक वर्षं माणसं मारली. रिकामं असतं ते आपलं टेबल.

दुसरा आक्षेप माझ्या घरचाच : रविवारी मिसाला जाणाऱ्यानं युद्धाचे खेळ खेळावेत का? मला वाटतं, खेळावेत, पण कोणाला उचलून बाजूला ठेवतोय ते ठाऊक असू द्यावं. मेलेल्यांसाठी प्रार्थना करताना आपण नावं घेतो. इथं निदान बटालियनचं नाव घेऊ या.

म्हणून माझी सूचना साधी आहे. पुढच्या वेळी टोब्रुक मांडाल तेव्हा रणगाड्याला एक संध्याकाळ कमी द्या आणि ती या पायदळाला द्या. चकतीच्या कडेला बटालियनचा आकडा लिहा. आणि बेळगाव, खानापूर, चंदगडकडच्या कुणाच्या घरी पेटीत पणजोबांचं 'आफ्रिका स्टार' पदक असलं, तर ते बाहेर काढायला सांगा. त्याच्या फितीचा मूळ रंग फिकट वाळूचा आहे, वाळवंटासाठीच निवडलेला. रंगाची बाटली उघडण्याआधी तो एकदा बघून घ्यावा.