हंडा आणि लंगडी

पौगंडावस्थेच्या उंबरठ्यावरील मुलांच्या मनावर हालचालीचा बरा परिणाम होतो, हे आता सर्वमान्य आहे. ५ ते १७ वयोगटाने रोज सरासरी किमान ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना २०२० पासून सांगते. यावर एक शहाणा आक्षेप ऐकू येतो: हा सल्ला सोसायटीतल्या मुलांसाठी ठीक, वस्तीतली पोरे पाणी भरून आणि घरकाम करूनच दमतात, त्यांना आणखी व्यायाम कशाला? समुपदेशक नेमा, मैदानाची चैन नको.

आक्षेपकाने फक्त घाम मोजला. २०१९ साली दुष्काळात छत्रपती संभाजीनगरच्या मुकुंदवाडीतली नऊ-दहा वर्षांची मुले शाळा सुटल्यावर रेल्वेने येऊनजाऊन १४ किलोमीटरचा प्रवास करून पाणी आणत. त्याच वेळी वर्गातली इतर मुले खेळायला जात. दमणे दोघांचेही, पण हंडा सांडला तर बोलणी बसतात आणि लंगडीत बाद झाले तर पुढचा डाव मिळतो. खेळ आपल्या मर्जीचा असतो, सोबतीचा असतो, आणि नको वाटला तर थांबवता येतो. पाणी भरण्यात यातले काहीच नाही. अभ्यासांच्या २०१७ मधील एकत्रित विश्लेषणात फुरसतीतल्या हालचालीचा संबंध चांगल्या मनःस्वास्थ्याशी आढळला, तर कामावरच्या कष्टांचा मानसिक त्रासाशी. घामाच्या हिशेबाने उसाच्या फडावर राबणारे मूल सर्वांत आनंदी ठरायला हवे! जाते-मुसळ असताना मुलींना व्यायाम कशाला, असेही पूर्वी विचारले जाई. जाती गेली, युक्तिवाद तेवढा उरला.

मैदान चैन असेल, तर २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात क्रीडांगण कसे आले? समुपदेशक जरूर नेमावा. त्याची जागा मैदानाने घ्यावी, असे कोणी म्हटलेले नाही.

किशोरांवरील प्रयोगांत नियमित व्यायामाने नैराश्याची लक्षणे कमी झालेली दिसतात. परिणाम मध्यम असतो आणि खेळ कसा घेतला जातो यावरही अवलंबून असतो. आधीच खचलेल्या मुलाला स्पर्धेत उतरवून हरवण्यात अर्थ नाही. हवे ते इतकेच: शाळा सुटल्यावर त्याच आवारात लंगडी, खो-खो, आट्यापाट्या, निवड चाचणीशिवाय. मुलींसाठी दिवेलागणीच्या आत. आणि नळाला पाणी येते त्या दिवशी गैरहजेरी न मांडता.