आधी फोटो काढा, मग पुसून टाका
सदर : शहर सगळ्यांचं

केरळमधल्या एका महिलेला 2018 साली अनोळखी पुरुषांचे अश्लील फोन येऊ लागले. तिचं नाव आणि मोबाइल नंबर एर्नाकुलम रेल्वे स्थानकाच्या स्वच्छतागृहात कुणीतरी लिहून ठेवला होता. हे तिला समजलं ते एका भल्या माणसामुळे. त्यानं फोन करून खरा प्रकार सांगितला आणि भिंतीचा फोटो पाठवला. त्यातलं अक्षर तिला ओळखीचं वाटलं. रहिवासी संघटनेच्या इतिवृत्ताच्या वहीत तिनं ते पाहिलं होतं. तिनं अक्षराची तपासणी करून घेतली, तक्रार लावून धरली आणि जवळपास पाच वर्षांनी आरोपपत्र दाखल झालं.

बंगळुरूच्या मॅजेस्टिक बसस्थानकातही असंच घडलं. पुरुषांच्या स्वच्छतागृहात एका विवाहितेचा नंबर घाणेरड्या मजकुरासह लिहिल्याचा आरोप असलेला माणूस गुन्हा रद्द करून घ्यायला न्यायालयात गेला. कर्नाटक उच्च न्यायालयानं 2024 मध्ये त्याची मागणी फेटाळली.

आपल्याकडच्या एसटी स्टँडवर, रेल्वेच्या डब्यात, कॉलेजच्या स्वच्छतागृहात याहून वेगळं काय दिसतं? बदामात कोरलेली नावं, जातीवरून शिव्या आणि कुणातरी मुलीचा नंबर. हजारो माणसं ते वाचतात आणि हात धुऊन निघून जातात. त्या मुलीचा फोन मात्र रात्री-बेरात्री वाजत राहतो.

कायदा आहे. मालमत्तेचं विद्रूपण रोखणारा महाराष्ट्राचा 1995 चा अधिनियम तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही सांगतो. स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम 79 खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण स्वच्छतागृहात कॅमेरा लावता येत नाही, लावूही नये. बंद दारामागे लिहिणारा हाती लागणं अवघडच. म्हणून माझं म्हणणं असं की, लिहिणाऱ्याच्या मागे धावण्याइतकंच लिहिलेलं टिकू न देणं महत्त्वाचं आहे.

न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेनं हे करून दाखवलं. तिथले डबे आतून-बाहेरून रंगवलेले असत. 1984 मध्ये डेव्हिड गन यांनी सूत्रं हाती घेतली. कुंपण आणि पहारा होताच, पण खरा नियम साधा होता : एकदा स्वच्छ केलेल्या डब्यावर पुन्हा रंग दिसला, तर तो पुसल्याशिवाय डबा प्रवाशांसाठी सोडायचा नाही. रंगवणाऱ्याला आपलं काम गावभर मिरवायचं असतं. ते मिरवणंच बंद झालं. मे 1989 मध्ये शेवटचा रंगवलेला डबाही सेवेतून गेला.

आपल्याला यासाठी मोठा खर्च नको. चुन्याची किंवा डिस्टेंपरची भिंत शाई पिऊन घेते. तिथं माणसाच्या उंचीपर्यंत चकचकीत टाइल्स लावल्या की मार्करचं लिखाण स्पिरिटच्या बोळ्यानं निघतं. प्लायच्या दाराला किल्लीनं कोरता येतं, म्हणून आतल्या बाजूला पत्रा किंवा कडक लॅमिनेट हवं. सफाईच्या ठेक्यात फरशी आणि भांड्यांसोबत भिंती आणि दारांची आतली बाजूही लिहून घ्यावी. त्यासाठी लागणारं स्पिरिट, हातमोजे आणि जादा वेळेची मजुरी ठेकेदारानं द्यावी. दुसऱ्यांची घाण शब्द न् शब्द वाचत पुसायचं काम सफाई कामगारांवर फुकटात लादणं अन्याय आहे. ‘भिंतीवर लिहू नये’ या पाटीऐवजी तक्रारीचा नंबर ठळक लावावा, आणि तो उचलला जावा.

कॉलेजांनी तर हा विषय थेट मुलांसमोर काढला पाहिजे. भिंतीवर मुलीचा नंबर लिहिणं ही मस्करी नाही, छळ आहे, हे प्राचार्यांनी पहिल्याच आठवड्यात स्पष्ट सांगावं.

उरलेलं काम आपलं, त्यातही पुरुषांचं. पुरुषांच्या स्वच्छतागृहातला मजकूर त्या बाईला कधीच दिसणार नाही. तो आपल्यालाच दिसतो. नंबर दिसला तर फोटो काढा, कारण तो पुरावा आहे. तो फोटो कुठल्याही ग्रुपवर टाकू नका. रेल्वेत असाल तर 139 वर कळवा, स्टँडवर असाल तर आगारप्रमुखाला दाखवा. तक्रार नोंदवून झाली की मजकूर तुमच्यासमोर पुसायला लावा, आणि पुसला जाईपर्यंत तिथून हलू नका.