जहाजावर रोकड चालत नाही, बंदरावर दुसरं काही चालत नाही

सिंगापूरहून पिनांग-फुकेतची जलसफर चालवणाऱ्या जहाज कंपन्या आणि त्या सहली महाराष्ट्रात विकणाऱ्या पर्यटन कंपन्या यांच्या संचालकांना,



मी बँकेत ३१ वर्षं कॅशियर होते. गेल्या डिसेंबरात मी, आमचे हे आणि माझी ७१ वर्षांची मोठी बहीण असे तिघं तुमच्यापैकी एकांच्या जहाजावर चार रात्रींच्या सफरीला गेलो. जेवण चांगलं होतं, खोली स्वच्छ होती, माणसं अदबीने वागली. तक्रार फक्त पैशांबद्दल आहे.

निघण्याआधी ठाण्यात सहलीची बैठक झाली. सोबत कोणता खाऊ नेता येईल, गाला डिनरला काय नेसायचं, यावर तासभर बोलणं झालं. पैशांबद्दल एकच वाक्य आलं : “बोटीवर कॅश लागत नाही, सगळं कार्डावर.” हे खोटं नव्हतं. जहाजावर खोलीची किल्ली तेच पैशांचं कार्ड. चहा-सरबत, फोटो, दुकानातली खरेदी, सगळं त्यावर चढतं आणि शेवटी एकदम हिशेब होतो. पण जहाजाचा जिना उतरलात की हे कार्ड कुणी हातातही घेत नाही, हे कुणी सांगितलं नाही. चार रात्रींत तीन चलनं लागतात : आमच्या जहाजावर सिंगापूर डॉलर, पिनांगला रिंगिट, फुकेतला बाट.

ताईकडे पेन्शन खात्याचं डेबिट कार्ड होतं. २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेचा नियम लागू झाला, तेव्हापासून नवं कार्ड फक्त देशातल्या वापरासाठी सुरू करून मिळतं. परदेशातला वापर आपण स्वतः सुरू करायचा असतो. तिचा तो बंद होता. टर्मिनलवर कार्ड घेईना. मागे रांग होती, काउंटरवरच्या मुलीने “जहाजावर करून घ्या” म्हणून पुढे पाठवलं. मी लगेच लक्ष घालायला हवं होतं, ती रुखरुख मला अजून आहे. वर जाऊन आम्ही मोबाइल काढला तोवर किनारा सुटला होता. रेंज नाही, म्हणून ओटीपी नाही. जहाजाचं वायफाय घ्यायचं तर तेही कार्डावर! शेवटी गेस्ट सर्व्हिसच्या काउंटरवर तिने जवळच्या २५० पैकी २०० डॉलर रोख अनामत भरले. अशी रोख अनामत भरता येते आणि उरलेली शेवटच्या दिवशी परत मिळते, हेसुद्धा आम्हाला तिथेच कळलं.

फुकेतला जहाज समुद्रात नांगरलं आणि छोट्या बोटीतून आम्हाला पातोंगच्या किनाऱ्यावर सोडलं. आम्ही दोघं बाजाराकडे वळलो, ताई गटातल्या बायकांबरोबर किनाऱ्यावर थांबली. थोड्या वेळाने तिला स्वच्छतागृहाला जावं लागलं. दारात बाई बसली होती, समोर नाण्यांची ताटली. दहा बाट. ताईच्या पर्समध्ये पन्नास सिंगापूर डॉलरची एक नोट, बंद असलेलं डेबिट कार्ड आणि जहाजाची किल्ली. तिने नोट पुढे केली, बाईने मान हलवली. बरोबरच्या बायकांकडेही बाट नव्हते. मनी चेंजर रस्त्यापलीकडे होता, पण तेवढा वेळ तिच्यापाशी नव्हता. ती तशीच बोटीच्या रांगेत जाऊन उभी राहिली, उन्हात, पाऊण तास. मग सफर संपेपर्यंत ती खाली उतरलीच नाही. चारचौघांत काय घडलं ते तिने मलाही खोलीचं दार लावून सांगितलं. पंचवीस रुपयांच्या आसपासच्या नाण्याची ही गोष्ट आहे.

त्या रात्री खोली आवरायला आलेला मुलगा गोव्यातला होता, सासष्टीचा. तिचा चेहरा पाहून त्याने विचारलं आणि दारात उभ्याउभ्या सगळं समजावलं. “मावशी, प्रत्येक बंदराचे थोडे पैसे घरूनच आणायचे, लहान नोटांत. रिक्षावाला, शहाळंवाला, बाथरूम, कुणी कार्ड घेत नाही. जहाजाच्या एटीएमला जाऊ नका, चार्ज फार. किनाऱ्यावरच्या मशीनने रुपयांत घेऊ का विचारलं तर नको म्हणा, तिथलंच चलन दाबा.” दहा मिनिटं लागली त्याला. मी बँकेतली बाई, मला त्यात एक शब्द दुरुस्त करावासा वाटला नाही. सेवाशुल्क रोज खात्यावर चढतच होतं, तरी त्याच्या हातावर काही ठेवावं असं ताईच्या मनात आलं. तिच्याकडे सुट्टे नव्हते.

आमच्या गटातले एक निवृत्त शिक्षक टर्मिनलवर डेबिट कार्ड देऊन मोकळे झाले होते. जहाजाने त्यावर रक्कम रोखून धरली. खर्च त्याहून बराच कमी झाला, पण अडकलेले पैसे घरी आल्यावर कितीतरी दिवसांनी सुटले. क्रेडिट कार्डावर अशी रक्कम अडकली तर मर्यादा तेवढी कमी होते. डेबिट कार्डावर अडकते ती माणसाची घरखर्चाची रक्कम. तुमच्या काउंटरवर हा फरक एका वाक्यात सांगता येतो.

परदेशी रोकड नेणं बेकायदेशीर आहे असं आमच्या गटात निम्म्या लोकांना वाटत होतं. तसं नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे अशा एका प्रवासासाठी ३,००० अमेरिकी डॉलरच्या किमतीपर्यंत परदेशी नोटा नेता येतात. परत आल्यावर उरलेलं चलन १८० दिवसांत बँकेला किंवा मनी चेंजरला द्यायचं, त्यातलं २,००० डॉलरपर्यंत पुढच्या प्रवासासाठी ठेवताही येतं. नाणी मात्र मनी चेंजर सहसा घेत नाही, ती तिथेच संपवावीत. बैठकीत हे सांगायला पाच मिनिटं पुरतात.

पर्यटन कंपन्यांनो, तिकिटाबरोबर मराठीत एक पान द्या. कोणत्या बंदरावर कोणतं चलन, साधारण किती, कार्डाचा परदेशी वापर घरी असतानाच कसा सुरू करायचा, एवढंच त्यावर असू द्या. माणशी थोडे बाट आणि रिंगिट पाकिटात घालून विमानतळावरच दिलेत, अर्थात आमच्याकडूनच पैसे घेऊन, तर त्याहून चांगलं. जहाज कंपन्यांनो, बंदर यायच्या आदल्या संध्याकाळी तुमच्या काउंटरवर त्या देशाच्या लहान नोटा आणि नाणी मिळू द्या, आणि दर बाहेर लिहून लावा. रोकड हाताळणं तुम्हाला जमत नाही असं मी मानणार नाही. कॅसिनोत रोख देणारी-घेणारी खिडकी आम्ही रात्री उशिरापर्यंत उघडी पाहिली आहे.

मे महिन्यात आमच्या सोसायटीतल्या चौघीजणी हीच सफर करणार आहेत. त्यातल्या दोघींकडे क्रेडिट कार्ड नाही. त्यांच्या बैठकीत ते एक पान हातात पडणार आहे का, तेवढं कळवावं.

आपली,
एक निवृत्त कॅशियर, डोंबिवली