चित्रांचे चीट आणि जुना घेर

एका वाचक भगिनींनी पत्राने दोन प्रश्न विचारले आहेत. त्यांच्या जाऊबाईंची कन्या महाविद्यालयात शिकते. तिने बाजारातून अडीच मीटर सुती चीट आणले. पन्हा 44 इंच, जमीन फिकट निळी, आणि तीवर छत्री धरून उभ्या असलेल्या लहान लहान हत्तींच्या रांगा. या कापडाचा तिला 1950 च्या सुमाराच्या विलायती धर्तीचा, आवळ कमरेचा व मोठ्या घेराचा फ्रॉक घरीच शिवावयाचा आहे. आजेसासूबाईंचे म्हणणे असे की, हे कापड बाळाच्या दुपट्यास योग्य, एवढ्या मोठ्या मुलीच्या अंगास नव्हे. दुसरा प्रश्न कापड पुरेल की नाही हा. कारण दुकानात त्या छापाचा तुकडाही आता शिल्लक नाही. शिवणकामाविषयी निवृत्त शाळामास्तराने बोलावे याचे कोणास नवल वाटेल. परंतु यांतील एक प्रश्न काव्याचा आहे व दुसरा क्षेत्रगणिताचा, तेव्हा अधिकार अगदीच नाही असे नाही.

कुमारसंभवाच्या पाचव्या सर्गात बटुवेषधारी शंकर पार्वतीस तिच्या निश्चयापासून परावृत्त करू पाहतात. वधूचे रेशमी दुकूल आणि वराचे रक्त ठिबकणारे गजचर्म यांची गाठ तरी कशी शोभावी, असा त्यांचा प्रश्न आहे. त्या दुकूलावर कालिदासाने कलहंसांची चिन्हे सांगितली आहेत. म्हणजे जगन्मातेच्या लग्नाचे वस्त्रही पक्ष्यांच्या चित्रांचेच कल्पिले होते. पैठणीच्या पदरावर मोर-पोपट मिरविणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्या स्त्रियांस कोणी पोरकट म्हटल्याचे ऐकिवात नाही. मोर विणलेला व हत्ती छापलेला, एवढ्यावरून एकास प्रौढ आणि दुसऱ्यास बालिश ठरविणे मला पटत नाही. आजेसासूबाईंच्या बोलण्यात तथ्य आहे ते निराळ्या ठिकाणी. अशा कापडास झालरी, फिती आणि फुग्यांच्या बाह्या लावल्या, की ते खरोखरीच पाळण्याकडे झुकते. कापड बोलके असेल तर बेत अबोल असावा.

चीट ही वस्तु मूळची आपली, आणि इंग्रजीतील ‘चिंट्झ’ हा शब्दही इकडूनच गेलेला. या छापील कापडाची विलायतेत इतकी चलती झाली की, तेथील लोकर व रेशीम विणणाऱ्यांच्या रक्षणासाठी 1721 साली कायदा करून बहुतेक छापील सुती कापड वापरण्यासच मनाई करण्यात आली. ती 1774 साली उठली. 1783 साली टॉमस बेल याने तांब्याच्या रुळाने छापण्याचे पेटंट घेतले आणि पुढे चीट स्वस्त झाले. मोठ्या घेराची कथा अलीकडची आहे. दुसऱ्या महायुद्धामुळे ब्रिटनमध्ये 1941 पासून 1949 पर्यंत कपड्यांचे नियंत्रण होते. त्या टंचाईतच, 1947 च्या फेब्रुवारीत, पॅरिसच्या ख्रिश्चन दिऑरने बारीक कमरेचे व प्रचंड घेराचे पोशाख मांडले. कित्येकांस ती उधळपट्टी वाटली, पण ठिगळे लावून कंटाळलेल्या स्त्रियांनी तो घेर उचलून धरला. चित्रांच्या चिटासही त्या काळी मोठी प्रतिष्ठा होती. 1955 साली अमेरिकेतील फुलर फॅब्रिक्सने पिकासो, मिरो, शागाल यांच्या चित्रांवरून कापडे छापली, आणि क्लेअर मॅकार्डेल या प्रसिद्ध वस्त्रकर्त्रीने त्यांचे पोशाख शिवले.

आता कन्येच्या मनात जो घेर आहे तो पूर्ण वर्तुळाचा. त्याचे गणित पाहू. लीलावतीत भास्कराचार्यांनी परिघ व व्यास यांचे सूक्ष्म प्रमाण 3927 : 1250 असे आणि व्यवहारापुरते स्थूल प्रमाण 22 : 7 असे दिले आहे. शिवणकामास स्थूल पुरे. कंबर 28 इंच धरल्यास मधल्या भोकाची त्रिज्या सुमारे साडेचार इंच येते. त्यात 25 इंच लांबी व थोडी दुमड मिळविली की बाहेरची त्रिज्या 30 इंच झाली, अर्थात् व्यास 60 इंच. 44 इंच पन्ह्यात हे वर्तुळ मावत नाही. म्हणून किनारीलगत सरळ बाजू ठेवून दोन अर्धवर्तुळे कापावी लागतात, आणि त्यांसच 120 इंच, म्हणजे तीन मीटरहून अधिक कापड जाते. पोलक्याचा भाग अजून बाकीच आहे.

परंतु कापड पुरते तरी मी हा बेत सुचविला नसता. हत्ती एका दिशेने उभे आहेत, आणि घेर तर चहूंकडे फिरतो. अशा अर्धवर्तुळात एका शिवणीशी हत्ती नीट उभे राहतील, मध्यभागी आडवे पडतील, आणि दुसऱ्या शिवणीशी पाय वर करून लोंबतील. ठिपक्यांस वर-खाली नसते, म्हणून ठिपक्यांच्या चिटास गोल घेर शोभतो. हत्तींस तो शोभत नाही.

यावर उपाय प्रत्येक घरातील आजीस ठाऊक आहे. परकर जसा शिवतात तसा सरळ पन्ह्यांचा, चुण्यांचा घेर करावा. विलायती थाटासही त्याने बाध येत नाही. आल्प्स पर्वताकडील ग्रामीण स्त्रियांच्या ‘डिर्न्डल’ पोशाखातला असा घेर त्या काळच्या फ्रॉकांतही सर्रास असे. 29 इंचांचे दोन पन्हे घेतले की 58 इंच कापड लागते आणि घेर कमरेच्या तिप्पट होतो. पोलक्याचा पुढचा व मागचा भाग पन्ह्यात शेजारी शेजारी बसवून, आखूड बाह्यांसह, सुमारे 30 इंच धरावेत. एकूण 88 इंच झाले. अडीच मीटर म्हणजे 98 इंच. सुती कापड आटते, म्हणून ते आधी रात्रभर भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच मोजावे.

पोलक्याचा बेत प्रथम मांजरपाटावर कापून अंगास लावून पाहावा, कारण येथे चुकलेली कात्री भरून निघणार नाही. जुन्या नमुन्यांवरील आकड्यांवर न विसंबता स्वतःच्या अंगाचे माप घ्यावे. हत्ती मोजके तुटावेत यासाठी पोलक्यास जोड कमी असावेत. छातीखालचे टक्स दोनच पुरेत. सर्व भाग एकाच दिशेने मांडावेत. इंचभर कापड वाचविण्यासाठी एखादा भाग उलटा मांडिला तर पाठीवरचे हत्ती शीर्षासन करतील. चुण्यांसाठी मोठ्या टाक्याच्या दोन समांतर टिपा घालून खालचे दोरे ओढावेत, आणि कमरेचे व घेराचे चार चार समभाग करून ते एकमेकांस टाचावेत, म्हणजे चुण्या एके ठिकाणी गोळा होत नाहीत. खाली तीन इंचांची दुमड ठेवावी. तिच्या भाराने घेर चांगला पडतो, आणि पुढे लांबी वाढवावयाची झाल्यास ती सोडता येते. दुमडीची घडी मात्र हत्तींच्या दोन रांगांमधील मोकळ्या निळ्या जागेवर यावी. याकरिता लांबी अर्धा इंच कमी-अधिक करावी लागली तरी चालेल, पण हत्तींचे पाय आत जाऊ देऊ नयेत.