पाहणाऱ्याचा झोत

फुटलेले मडके हाती घेऊन ते प्रथम कोठे तडकले, हे सांगणे अवघड असते. पदार्थविज्ञानाची दीर्घकाळ हीच अडचण होती. प्रयोगापूर्वीचा आणि प्रयोगानंतरचा नमुना हाती येई. मधली घटना तर्कावर सोपवावी लागे. क्नोल आणि रुस्का यांनी १९३१ मध्ये बर्लिन येथे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा पाया घातला. आज त्या यंत्रातच नमुना तापविता, ताणता वा विद्युत्‌भारित करता येतो आणि पदार्थ बदलत असतानाच पाहता येतो.

याचे व्यावहारिक मोल बॅटरीच्या उदाहरणावरून ध्यानात यावे. ग्रॅफाइटपेक्षा सिलिकॉनमध्ये कितीतरी अधिक लिथियम सामावते. परंतु ते शोषताना सिलिकॉन फुगून तिपटीहून मोठा होतो आणि तडकतो. अमेरिकेतील संशोधकांनी २०१२ मध्ये ही क्रिया घडताना पाहिली, तेव्हा सुमारे १५० नॅनोमीटरहून लहान कण तडकत नाहीत, असे आढळले. कण किती बारीक असावा, या कारखानदाराच्या प्रश्नाला अशा निरीक्षणातून दिशा मिळते.

तथापि, येथेच खरी मेख आहे. नमुना बहुधा शंभर नॅनोमीटरच्या आसपास जाडीचा असतो आणि त्यावर दोन-तीन लाख व्होल्टने वेगवान केलेले इलेक्ट्रॉन आदळतात. हा झोत अणू जागचे हलवितो, रासायनिक बंध तोडतो. मग दिसलेला बदल पदार्थाचा की झोताचा? तपासणी अधिकारी येण्याच्या दिवशी शाळा नेहमीसारखी राहत नाही, तसेच हे आहे. म्हणून साक्षेपी संशोधक झोत बंद ठेवून तोच प्रयोग पुन्हा करतो आणि झोत न पडलेला भाग ताडून पाहतो. या कामात वेळ जातो. नेत्रदीपक चित्रे मात्र मिळत नाहीत.

अर्थकारणाचा प्रश्न नेमका हाच आहे. केंद्र सरकारने प्रगत बॅटरी उत्पादनासाठी २०२१ मध्ये १८,१०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली. जुलै २०२५ मध्ये एक लाख कोटींच्या संशोधन योजनेला मान्यता दिली. या दुसऱ्या योजनेचा भर खासगी उद्योगांना दीर्घ मुदतीचे, अल्प व्याजाचे वा बिनव्याजी अर्थसाहाय्य देण्यावर आहे. देशाचा संशोधनखर्च २०२०-२१ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या अवघा ०.६४ टक्के होता, हे पाहता ही पावले स्वागतार्हच होत. परंतु उद्योगाला निष्कर्षाची घाई असते; पडताळणीला ताळेबंदात रकाना नसतो. तो खर्च सार्वजनिक तिजोरीनेच उचलला पाहिजे. विद्यापीठांना केवळ यंत्र देऊन भागणार नाही. ते चालविणारा प्रशिक्षित माणूस, दुरुस्तीची तरतूद आणि तोच प्रयोग दुसऱ्यांदा करण्याची सवडही द्यावी लागेल. अन्यथा झोताने घडविलेला बदल पदार्थाचा गुणधर्म मानून त्यावर कारखाने उभारले जातील आणि चुकीची किंमत त्या वेळी प्रयोगशाळेला नव्हे, करदात्याला मोजावी लागेल.